भुसावळचा मे आणि पायचा पंखा

मघाशी एकाने विचारलं, ‘सर, रास्पबेरी पायचा पंखा फार किरकिर करतो, काढूनच टाकला तर?’ रास्पबेरी पाय म्हणजे एका छोट्या बोर्डावरचा अख्खा संगणक. त्याचा पंखा काढायचा हा सल्ला इंटरनेटवर सर्रास मिळतो आणि तो चुकीचाही नाही. फक्त तो देणाऱ्याची खोली २२ अंशांवर असते. आपल्या भुसावळला मे महिन्यात पारा ४५च्या आसपास खेळतो.

चिपचं तापमान म्हणजे खोलीचं तापमान आणि वर चिपची स्वतःची भर. पाय ४ या मॉडेलची चिप ८० अंशांना पोचली की आपला वेग कमी करू लागते, ८५ला आणखी आखडते. त्या २२ अंशांच्या खोलीत तिला ५८ अंशांची मोकळीक आहे. आपल्या ४२च्या खोलीत फक्त ३८. म्हणून पंखा काढायचा नाही, बदलायचा.

पण आधी आवाज पंख्याचाच आहे ना, हे बघा. वीज बंद करून पंख्याच्या वायरी काढा आणि बोर्ड पाचेक मिनिटं तसाच चालवा. आवाज तरीही येत असेल तर अडॅप्टर तपासा. आवाज थांबला, तर पुन्हा वीज बंद करा आणि बोटाने पातं फिरवा. ते अडखळत असेल किंवा हलवल्यावर डुगडुगत असेल, तर बेअरिंग गेलं. कापसाच्या जिनिंग मिलच्या आसपास राहत असाल तर मधल्या आसाभोवती रुईचे तंतू गुंडाळलेले दिसतील. ते चिमट्याने ओढून काढले तरी कधी कधी काम भागतं. स्टिकर उचलून शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडणारेही आहेत. सोडा, पण त्याच्या भरवशावर उन्हाळा काढू नका.

स्वस्त पंखे बहुधा ३० मिलीमीटरचे आणि स्लीव्ह बेअरिंगचे असतात, म्हणजे आस छर्‍यांऐवजी तेल लावलेल्या नळीत फिरतो. उष्णतेने त्यातलं तेल लवकर संपतं. शिवाय पातं लहान, म्हणून तेवढीच हवा लोटायला ते भन्नाट वेगाने फिरतं. तो कर्कश सूर त्याचाच. केसमध्ये जागा असेल तर ४० मिलीमीटरचा, ५ व्होल्टचा घ्या. मात्र स्क्रूची भोकं जुळणार नाहीत: ३०च्या पंख्यात ती २४ मिलीमीटरवर असतात, ४०च्या पंख्यात ३२वर.

जोडताना लाल वायर बोर्डावरच्या ४ नंबरच्या पिनला (५ व्होल्ट), काळी ६ला (ग्राउंड). लाल वायर १ नंबरला लावली की ३.३ व्होल्ट मिळतात, पंखा हळू आणि शांत फिरतो. हिवाळ्यात हे छान, पण काही पंखे एवढ्यावर सुरूच होत नाहीत. साध्या जीपीआयओ पिनवर, म्हणजे प्रोग्रामने चालू-बंद करता येणाऱ्या पिनवर, मोटर थेट जोडू नका. ती पिन १६ मिलीअँपियरच्या पुढे देऊ शकत नाही, पंख्याला त्याच्या कितीतरी पट लागतात. मध्ये स्विचसारखा ट्रान्झिस्टर हवाच. तो असला की रास्पी-कॉन्फिग या पायच्या सेटिंग प्रोग्राममध्ये पिन आणि तापमान सांगून पंखा गरजेपुरता चालवता येतो. तिथे ६० अंश टाकाल तर आपल्याकडे मे महिन्यात तो दिवसभर थांबणार नाही. मी ७० टाकतो. पाय ५वाल्यांना हा खटाटोप नाही. बोर्डावरच चार पिनांचं कनेक्टर आहे, वेग आपोआप बदलतो.

ज्या बाजूला चौकटीच्या आडव्या काड्या आणि स्टिकर असतं, तिकडून हवा बाहेर पडते. ती बाजू चिपकडे ठेवा. आणि बसवल्यावरची चाचणी रात्री घेऊ नका. दुपारी तीनला, पत्र्याखालच्या खोलीत घ्या.