सोलापूर कुणाचं, आणि हे ठरवलं कुणी?

(भारताचा राजकीय नकाशा. हळूहळू झूम होत भीमा नदीवर.)

भारतात एखाद्या राज्याची हद्द हलवायची, एका राज्याची दोन करायची, नाहीतर राज्याचं नावच बदलायचं, यातल्या कशालाच संसदेत दोन तृतीयांश बहुमत वगैरे लागत नाही. घटनेचं कलम ३ काढून वाचा. राष्ट्रपतींच्या शिफारशीने विधेयक येतं, साध्या बहुमताने पास होतं, झालं. ज्या राज्याची हद्द बदलणार त्याच्या विधानसभेचं मत मागवावं लागतं, पण नुसतं मागवायचं, ते मानलंच पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही. २०१४ च्या जानेवारीत आंध्रच्या विधानसभेने तेलंगणाचं विधेयक फेटाळून लावलं होतं, तरी २ जूनला तेलंगणा झालंच.

म्हणून आपल्याकडे नकाशा बदलायचे प्रस्ताव कधी संपतच नाहीत. २०११ मध्ये मायावतींच्या सरकारने उत्तर प्रदेशचे चार तुकडे करायचा ठराव विधानसभेत पास करून घेतला, पूर्वांचल, बुंदेलखंड, अवध प्रदेश आणि पश्चिम प्रदेश, आणि तो तिथेच राहिला. वेगळ्या विदर्भाची मागणी तर आपल्या घरातलीच. नावांचं म्हणाल तर मद्रासचं तमिळनाडू १९६९ ला झालं, म्हैसूरचं कर्नाटक १९७३ ला, बंगालने २०१८ मध्ये 'बांगला' नावाचा ठराव केला, केरळने 'केरळम'चा केला. नाव बदलण्यात मला तरी काही वावगं वाटत नाही, पाट्या आणि कागद बदलतात, माणूस जिथल्या तिथे राहतो. रेघ सरकली की मात्र मुलाच्या शाळेची भाषा, सातबाऱ्याची भाषा, पोलीस भरतीचा फॉर्म कुठे भरायचा, धरणाचं पाणी कुणाकडे मागायचं, सगळंच बदलतं, आणि हे ज्याचं बदलणार असतं त्याला कुणी विचारत नाही. हा व्हिडिओ त्याच्यासाठी आहे.

(सिद्धेश्वर तलाव. मंदिराचा कळस.)

आता सोलापूर बघा. गावाचं दैवत सिद्धरामेश्वर, बाराव्या शतकातले, बसवेश्वरांच्या काळातले, आणि त्यांनी वचनं लिहिली ती कन्नडमध्ये. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला नंदीध्वज निघतात तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूला उभ्या असलेल्या गर्दीत कान देऊन थांबा, मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू, चारही भाषा एका दमात ऐकू येतात. पूर्व भागात गेलात तर चादर-टॉवेलच्या कारखान्यातले पद्मशाली विणकर घरात तेलुगू बोलतात, त्यांचे पूर्वज निजामाच्या तेलंगणातून इथे लूमवर काम करायला आले. त्यातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाचं मूळ गाव आधी हैदराबाद संस्थानात होतं, १९५६ ला ते आंध्र प्रदेशात गेलं, २०१४ ला तेलंगणात, गाव तसूभरही हललेलं नाही आणि नकाशावर दोन वेळा पत्ता बदलला. १२ जानेवारी १९३१ ला इंग्रजांनी येरवड्यात सोलापूरच्या ज्या चार स्वातंत्र्यसैनिकांना फाशी दिली ते मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा, ही चार नावं नुसती एकापाठोपाठ वाचली तरी हे गाव कशाचं बनलंय ते कळतं.

आणि आजूबाजूचं बघा. तुळजापूर आपल्यापासून तास-दीड तासाच्या आत, पण १९४८ पर्यंत ते निजामाच्या राज्यात, म्हणजे सोलापूरहून देवीला जायचं तर इंग्रजांच्या मुलखातून बाहेर पडून निजामाच्या मुलखात शिरायचं. अक्कलकोटला भोसल्यांचं संस्थान वेगळंच. कलबुर्गी स्टेशन कर्नाटकात, पण रेल्वेच्या हिशोबात सोलापूर डिव्हिजनमध्ये. दक्षिण सोलापूर तालुक्यात हत्तरसंग कुडलला भीमा आणि सीना भेटतात, तिथल्या देवळात शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे, मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांपैकी एक, सोलापूरच्याच आनंद कुंभारांनी तो उजेडात आणला. आणि त्याच तालुक्यात आज जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्या शाळा चालतात. हजार वर्षं या दोन भाषा इथे शेजारी राहतायत.

आता असल्या मुलखावर भाषेने रेघ ओढायची म्हणजे काय करायचं?

(जुना नकाशा: मुंबई राज्य, हैदराबाद राज्य, म्हैसूर राज्य.)

डिसेंबर १९५२ मध्ये आंध्र राज्यासाठी उपोषण करताना पोट्टी श्रीरामुलू गेले आणि त्यानंतर केंद्राला हा विषय टाळणं शक्यच राहिलं नाही. डिसेंबर १९५३ मध्ये राज्य पुनर्रचना आयोग नेमला, फाजल अली अध्यक्ष, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर सदस्य. या लोकांनी कष्ट घेतले हे मान्यच केलं पाहिजे, दीड लाखाच्या वर निवेदनं आली, नऊ हजारांवर माणसांशी बोलले, देशभर फिरले, आणि ३० सप्टेंबर १९५५ ला रिपोर्ट दिला. त्यात विदर्भ वेगळा ठेवा असं होतं, आणि मुंबई राज्य मराठी-गुजराती मिळून एकच असं होतं. जिल्हे शक्यतो मोडायचे नाहीत, अख्खा जिल्हा इकडे किंवा तिकडे, अशी त्यांची पद्धत. बेळगाव जिल्ह्यातला चंदगड तालुका तेवढा मराठी म्हणून काढला, बाकी बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं. १ नोव्हेंबर १९५६ ला नवीन राज्यं आली, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभराहून जास्त माणसं गेली, आणि १ मे १९६० ला आपला महाराष्ट्र झाला. हे सगळं आपण शाळेत शिकलोय.

जे शाळेत शिकलो नाही ते आता सांगतो. १९५५ मध्येच बाबासाहेब आंबेडकरांनी भाषिक राज्यांवर लिहिताना एक वेगळीच योजना मांडली होती. त्यांचं म्हणणं असं की एका राज्यात एक भाषा असावी, पण एका भाषेचं एकच राज्य असायला पाहिजे असं नाही. उत्तर प्रदेशचे तीन करा, बिहारचे दोन, मध्य प्रदेशचे दोन, आणि मराठी मुलखाचे चार, मुंबई शहराचं वेगळं राज्य, शिवाय पश्चिम, मध्य आणि पूर्व महाराष्ट्र. त्यात सोलापूर कुठे माहितीये? पुण्या-साताऱ्याबरोबर नाही, मध्य महाराष्ट्रात, औरंगाबाद, बीड, उस्मानाबाद, नांदेडबरोबर. आणि शब्द कसे, तर सोलापूर शहर आणि सोलापूर जिल्ह्यातला मराठी भाषक भाग. म्हणजे जिल्ह्यातला एक भाग मराठी नाही हे त्यांनी तिथेच गृहीत धरलं होतं. आजही आपण पुणे विभागात असून पाऊस, कोरडवाहू शेती आणि रोजगाराच्या बाबतीत मराठवाड्यासारखंच जगतो, त्यामुळे मला त्यांची मांडणी वाचताना वाटतं की या माणसाने नुसती भाषा बघितली नाही, एवढी मोठी राज्यं चालणार कशी, त्यातल्या छोट्या समाजांचं काय होणार, हेही बघितलं.

दुसरी गोष्ट याहून अवघड. बेळगाव-कारवार-निपाणीसाठी आपल्या बाजूने १९५७ पासून ८१४ गावं मागितली, आज हा आकडा ८६५ सांगितला जातो. पण त्याच वेळी कन्नड भाषक २६० गावं आपल्याकडून द्यायची तयारीही दाखवली होती. अशी गावं कुठली असणार, सीमेलगतचीच ना. खेडं हा घटक धरायचा, सलगता बघायची, बहुसंख्या बघायची, हे आपलंच तत्त्व, आणि बेळगावसाठी ते मागायचं तर आपल्या बाजूलाही लागू होणार. हे प्रामाणिक होतं असं मी म्हणेन.

पुढे सेनापती बापटांच्या उपोषणानंतर १९६६ मध्ये महाजन आयोग आला. माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन. १९६७ च्या रिपोर्टमध्ये बेळगाव म्हैसूरकडेच ठेवलं, निपाणी, खानापूर धरून २६४ गावं महाराष्ट्राला द्या म्हटलं, आणि २४७ गावं तिकडे द्या म्हटलं. त्या यादीत अख्खा अक्कलकोट तालुका होता, दक्षिण सोलापूरची ६५ गावं होती, सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्याची ४४ होती. महाराष्ट्राने रिपोर्ट नाकारला, कर्नाटक आजही तोच लागू करा म्हणतं, आणि २००४ पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे.

(अक्कलकोट तालुक्यातला एक कच्चा रस्ता. समोरून येणारी एसटी.)

नोव्हेंबर २०२२ मध्ये हे परत उकरलं गेलं. कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई म्हणाले की जतच्या ४० गावांनी कर्नाटकात यायचा ठराव केलाय, पाठोपाठ सोलापूर, अक्कलकोटचा कन्नड भागही आमच्यात यायला पाहिजे म्हणाले. एसट्यांना काळं फासलं, दोन्ही विधिमंडळांनी डिसेंबरमध्ये आपापले ठराव केले, टीव्हीवर आठवडाभर तेच. पण त्या गोंधळात अक्कलकोट तालुक्यातल्या काही गावांनीही आम्हाला कर्नाटकात जाऊ द्या म्हटलं, आणि त्यांनी कारण काय दिलं ते नीट ऐका. रस्ता नाही. पाणी नाही. आणि पलीकडच्या गावात आहे. जतचं दुखणंही पाण्याचंच. आपल्याकडे यावर त्या लोकांना लगेच फितूर ठरवण्यापर्यंत काही जण गेले, ते मला फार लागलं, कारण घरात कन्नड बोलणारा, शाळेत मराठी शिकलेला, पंढरपूरच्या वारीला जाणारा माणूस स्वतःच्या सरकारला धमकी देतोय ती फक्त रस्त्यासाठी, तर आधी रस्ता बघायला नको का?

इथेच सगळी ग्यानबाची मेख आहे. भाषेने रेघ ओढायची तर जनगणनेतला मातृभाषेचा आकडा घेतात, आणि मातृभाषा म्हणून माणसाला एकच नाव सांगता येतं. दोन भाषांत जगणाऱ्या अक्कलकोटच्या माणसाचा अर्धा भाग त्या रकान्यात मावतच नाही. मग त्यालाच विचारा की. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून ग्रामसभेला घटनेत जागा मिळालीय, घरकुलाची यादी ग्रामसभेत वाचली जाते, पण ते गाव कुठल्या राज्यात असावं यावर कलम ३ मध्ये ग्रामसभेचं नावसुद्धा नाही. आयोग आले, कोर्टात तारखा पडल्या, बोलले मुंबई, बंगळुरू आणि दिल्ली. माझं स्पष्ट मत आहे की पुढे कुठलाही प्रस्ताव आला, विदर्भाचा असो, बुंदेलखंडचा असो की सीमाभागाचा, ज्या गावांची हद्द बदलणार तिथे गुप्त मतदान घेऊनच विधेयक पुढे जावं, आणि त्याआधी दोन्ही सरकारांनी आम्ही तुम्हाला पाणी कधी देणार, कन्नड किंवा मराठी शाळा चालू ठेवणार का, हे लिहून द्यावं.

अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, मंगळवेढा, जत, आणि पलीकडे इंडी, अफझलपूर, आळंदमधलं कुणी हे बघत असेल तर दोन गोष्टी नक्की लिहा, २०२२ नंतर तुमच्या गावाला रस्ता झाला का, आणि मतदान घेतलं तर तुम्ही कुठलं राज्य निवडाल. मराठीत लिहा, कन्नडमध्ये लिहा, पुढचा भाग तुमच्या उत्तरांवरच करायचाय.