लिव्हरच्या गाठीचं रक्त बंद करणारे औषधी मणी

(नाशिकमधे गंगापूर रोडच्या एका हॉलमधे झालेल्या भाषणाचं टाईप करून थोडं नीट केलेलं रूप)

मंडळी, लिव्हरमधे कॅन्सरची गाठ आहे असं कळलं की घरचे आधी विचारतात ऑपरेशन होईल का, आणि नाही म्हटलं की लगेच विचारतात मग केमो कधीपासून. पण बऱ्याच पेशंटचं असं असतं की गाठ एकच नसते, तीन-चार असतात, किंवा एकच पण मोठी, आणि बाकीचं लिव्हर सिरॉसिसनं आधीच कडक झालेलं, त्यामुळे कापून काढायला वाव नाही. अशांसाठी गाठीला रक्त नेणारी नळी आतून बंद करायची आणि तिथेच औषध ठेवून यायचं ही ट्रीटमेंट आहे. आम्ही तिला टेस म्हणतो, आणि औषध भरलेले मणी, म्हणजे बीड्स, वापरले तर डेब-टेस. आज त्यावरच बोलते.

हे मुळात शक्य का होतं ते आधी बघा, कारण सगळी गंमत तिथे आहे. लिव्हरला दोन बाजूंनी रक्त येतं. आतड्याकडून येणारी पोर्टल व्हेन साधारण 75 टक्के रक्त आणते आणि हिपॅटिक आर्टरी उरलेलं 25 टक्के. लिव्हरच्या निरोगी पेशी दोन्हीवर जगतात, पण कॅन्सरची गाठ वाढली की ती जवळजवळ सगळं रक्त आर्टरीतून ओढायला लागते. इथे दिंडोरी-निफाडकडची बरीच मंडळी आहेत, त्यांना असं सांगते, बागेला कालव्याचं पण पाणी आहे आणि विहिरीचं पण, आणि तण मात्र फक्त विहिरीवर वाढलंय. विहिरीची लाईन बंद केली तर तण मरेल आणि बाग कालव्यावर तगेल. आता कालवाच जर कोरडा असेल तर? म्हणजे पोर्टल व्हेनची मुख्य नळीच गाठीनं किंवा गुठळीनं पूर्ण बुजली असेल आणि आम्ही आर्टरीपण बंद केली तर निरोगी लिव्हरसुद्धा जाईल. म्हणून काही पेशंटना आम्ही सरळ नाही म्हणतो, आणि त्यांना वाटतं डॉक्टरनं हात वर केले. तसं नसतं हो, त्या पेशंटला ही ट्रीटमेंट दिली तर कॅन्सरच्या आधी लिव्हर फेल होऊन माणूस जाईल, म्हणून नाही म्हणतो.

जुनी पद्धत अशी की केमोचं औषध आयोडीनवाल्या तेलात, लिपिओडॉलमधे घोटायचं, ते आर्टरीतून गाठीत सोडायचं आणि मागून जिलेटिनच्या बारीक तुकड्यांनी नळी बंद करायची. जपानमधे यामादा यांच्या टीमनं ऑपरेशन न होऊ शकणाऱ्या 120 पेशंटचा अनुभव 1983 साली छापला आणि तिथून हे पसरलं. तरी आयुष्य खरंच वाढतं का हे ठरायला 2002 साल उजाडलं, त्या वर्षी बार्सिलोना आणि हाँगकाँग अशा दोन ठिकाणच्या ट्रायल आल्या. बार्सिलोनाच्या ट्रायलमधे दोन वर्षांनी टेसवाले 63 टक्के पेशंट हयात होते आणि नुसत्या सपोर्टिव्ह ट्रीटमेंटवाले 27 टक्के. हाँगकाँगला हेच आकडे 31 आणि 11 होते. दोन ठिकाणचे पेशंट वेगळे, म्हणून आकडे वेगळे, पण दोन्हीकडे कल एकच.

मग मणी कशाला आले? तेलातलं औषध तेलात पक्कं धरून राहत नाही, बरंचसं थोड्या वेळात रक्तात उतरतं आणि अंगभर फिरतं, आणि प्रत्येक डॉक्टर घोटणार आपल्या हातानं, म्हणजे दरवेळी मिश्रण थोडं वेगळंच. मण्यांमधे हे सुधारलं. सगळ्यात जास्त वापरले गेलेले मणी पॉलिव्हिनाईल अल्कोहोलच्या मऊ जेलचे असतात, साईज 100 ते 300 मायक्रॉन, 300 ते 500 अशा (मिलिमीटरचे हजार भाग केले तर एक भाग म्हणजे मायक्रॉन), आता 70 ते 150 वालेपण आलेत. या जेलमधे सल्फोनेट नावाचे निगेटिव्ह चार्जवाले गट बसवलेले असतात आणि आपलं औषध, डॉक्सोरुबिसिन, ते पॉझिटिव्ह चार्जचं. लालभडक औषधात मणी तास-दोन तास ठेवले की औषध मण्यात ओढलं जातं, मणी लाल होतात आणि भोवतीचं पाणी फिकं पडत जातं. मला हे दरवेळी बघायला आवडतं, इतकी वर्षं झाली तरी.

बरं ते बाहेर कसं येतं, तर त्याच तत्त्वानं उलटं. रक्तात सोडियम असतं, सोडियमपण पॉझिटिव्ह, ते हळूहळू डॉक्सोरुबिसिनला जागेवरून हटवतं आणि औषध थेंबाथेंबानं गाठीत उतरत राहतं, दिवसच्या दिवस. म्हणूनच औषध भरलेले मणी आम्ही सलाईनमधे कधी मिसळत नाही, सलाईन म्हणजे मिठाचं पाणी, औषध सिरिंजमधेच बाहेर यायला लागेल. चार्ज नसलेला कॉन्ट्रास्ट, म्हणजे एक्स-रेवर दिसणारं औषध, वापरतो. तो तसाही लागतोच कारण हे नेहमीचे मणी एक्स-रेवर दिसत नाहीत, कॉन्ट्रास्ट कुठे जातोय ते बघून मणी कुठे चाललेत ते कळतं.

प्रोसिजरला पोट फाडत नाहीत, टाके नाहीत. जांघेतून किंवा मनगटातून सुई घालून वायरवरून नळी सरकवायची, ही युक्ती स्वीडनच्या सेल्डिंगरनी 1953 साली दिली आणि अजून तीच चालते. मोठ्या नळीच्या आतून अगदी बारीक मायक्रोकॅथेटर, तो गाठीच्या फांदीपर्यंत न्यायचा आणि मणी सावकाश सोडायचे, मिनिटाला एखादा मिली. घाई केली की मणी मागे उलटून भलत्या फांदीत जाऊ शकतात, पित्ताशयाच्या किंवा जठराच्या नळीत गेले तर तिथे इजा होते. पेशंट जागा असतो, आमच्याशी बोलतो. नंतर दोन-तीन दिवस ताप, पोटात दुखणं, मळमळ हे बहुतेकांना होतं आणि ते इन्फेक्शनच असतं असं नाही, मरणाऱ्या गाठीमुळे होतं. पण ताप उतरून परत थंडी वाजून चढला तर मात्र थांबू नका, लगेच दवाखान्यात या. पित्ताच्या नळीत स्टेंट असलेल्यांना किंवा ती नळी आतड्याला जोडल्याचं आधी ऑपरेशन झालेल्यांना लिव्हरमधे पू होण्याचा धोका जास्त, हे प्रोसिजरच्या आधी सांगा, तुमच्या जुन्या फायली सोबत आणा. आणि पित्ताच्या नळ्या फक्त आर्टरीच्याच रक्तावर जगतात, त्यामुळे त्यांना मण्यांनी इजा होऊ शकते, विशेषतः सिरॉसिस नसलेल्या लिव्हरमधे.

आता मघाशी मागून एका काकांनी विचारलं तो प्रश्न, मॅडम महागाचे मणी घातले तर माणूस जास्त जगणार ना? काका, प्रामाणिकपणे सांगते, तसं सिद्ध झालेलं नाही. 2010 साली 212 पेशंटची एक युरोपियन ट्रायल आली, मण्यांनी 52 टक्के पेशंटच्या गाठींनी ट्रीटमेंटला दाद दिली आणि तेलाच्या पद्धतीनं 44 टक्के, हा फरक आकडेशास्त्रात पक्का धरण्याइतका नव्हता. लिव्हरवरचा ताण आणि औषधाचे अंगभर होणारे परिणाम मात्र मण्यांत खरंच कमी होते. 2014 ला इटलीतल्या 177 पेशंटच्या ट्रायलमधे आयुष्यात फरक नाही, पण प्रोसिजरनंतरचं दुखणं मण्यांनी कमी. आणि 2016 ला अमेरिकेत 101 पेशंटवर औषध भरलेले मणी आणि रिकामे मणी असं समोरासमोर लावलं, तर त्यातही ठळक फरक निघाला नाही. म्हणजे गाठ मारण्यात रक्त तोडण्याचा वाटा खूप मोठा आहे. त्यामुळे कोणी कर्ज काढून, बाग गहाण टाकून मणीच पाहिजेत असं म्हणत असेल तर मी त्यांना बसवून हे सगळं समजावते. डॉक्सोरुबिसिन हार्टला जड असतं, त्यामुळे हार्ट नाजूक असेल, किंवा लिव्हर जेमतेम तग धरून असेल तिथे मी मण्यांकडे झुकते. बाकी ठिकाणी चांगल्या हातानं केलेली जुनी पद्धत अजिबात कमी नाही.

त्यापेक्षा डॉक्टरला हे विचारा, की लिव्हर किती शिल्लक आहे? कावीळ आहे का, पोटात पाणी होतंय का, पेशंट स्वतःचं स्वतः उठून करतो का. यावर सगळं ठरतं. चाळीस वर्षं कधी दारूला शिवले नाहीत आणि तरी गाठ निघाली अशी माणसं आपल्याकडे भरपूर आहेत, हिपॅटायटिस बी, सी, डायबेटिससोबतचं फॅटी लिव्हर, यातूनही होतं, तेव्हा पेशंटकडे संशयानं बघणं बंद करा, मला याचा फार त्रास होतो. सिरॉसिस असेल तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करा, लहान गाठ सापडली तर मण्यांची गरजच पडणार नाही, सुईनं जाळता येते किंवा काढता येते. आणि बाळाला हिपॅटायटिस बीची लस जन्मल्यावर 24 तासांच्या आत मिळाली का ते बघा.

शेवटचं, रिपोर्ट वाचण्याबद्दल. महिना-दीड महिन्यानं परत सीटी होतो, त्यात लिहिलेलं असतं गाठ 6 सेंटिमीटर, आधी पण 6 होती, आणि घरचे रडायला लागतात की काही उपयोग झाला नाही. अहो मेलेली गाठ लगेच विरघळत नाही, जागेवर तशीच असते. कॉन्ट्रास्ट दिल्यावर आर्टरीच्या फेजमधे, म्हणजे कॉन्ट्रास्ट आर्टरीतून येत असतानाच्या फोटोत, तिचा किती भाग अजून उजळतो ते बघायचं, जो उजळतो तेवढाच जिवंत. काहीच उजळत नसेल तर पुढच्या सीटीपर्यंत थांबायचं. थोडा उजळत असेल तर परत एकदा करता येतं, आणि दोनदा करूनही गाठ तशीच उजळत राहिली तर तिसऱ्यांदा मणी घालण्याचा हट्ट धरू नका, तेव्हा गोळ्या किंवा इम्युनोथेरपीबद्दल कॅन्सरच्या डॉक्टरांशी बोला, आणि ते लिव्हर अजून चांगलं आहे तोवरच बोला.