दुर्बिणीभोवती दोन रिंगणं

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय ते एकाच प्रश्नावर. आकाशदर्शनाचा ग्रुप चालवायचा तर नवशिक्यांना आणि जुन्याजाणत्यांना एकत्र ठेवायचं की वेगळं बसवायचं? ऐकायला प्रश्न साधा वाटतो, पण ह्याचं उत्तर चुकलं म्हणून चांगले चाललेले ग्रुप हळूहळू रिकामे होताना मी बघितलेत आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण आकाशाकडे बघायला कुणी आपणहून येतं तेव्हा त्याला परत पाठवणं हे फार मोठं नुकसान आहे.

सगळे एकत्र असले की काय होतं ते आधी सांगतो. एक जण नवीन दुर्बीण घेऊन येतो, उत्साहात, आणि विचारतो की मला गुरू का दिसत नाहीये, तो तर समोर एवढा चमकतोय. लगेच तीन जण उत्तर देतात. एक म्हणतो कॉलिमेशन, म्हणजे आतल्या आरशांची जुळणी, बघ, दुसरा म्हणतो आज सीईंग खराब आहे, म्हणजे हवा स्थिर नाही, तिसरा त्याच्या आयपीसवर, म्हणजे डोळा लावायच्या भिंगावर, घसरतो. तिघांचंही बोलणं खरं असू शकतं, पण त्या माणसाचा प्रॉब्लेम एवढाच असतो की त्याचा फाइंडर, म्हणजे वरची ती छोटी नळी, मोठ्या नळीच्या रेषेत नाहीये. त्याला एवढंच सांगायला पाहिजे की दिवसा लांबच्या एखाद्या खांबाच्या टोकावर मोठी नळी लाव, सूर्याच्या दिशेला चुकूनही वळवू नको, तो खांब मध्यभागी आला की फाइंडरचे स्क्रू फिरवून त्यातही तोच खांब मध्यभागी आण, आणि रात्री पहिल्यांदा सगळ्यात कमी मोठं दाखवणारी आयपीस लाव. पाच मिनिटांचं काम आहे. ते त्याला कुणीच सांगत नाही आणि तो घरी जातो ते दुर्बीण खराब निघाली असं समजून.

आता दुसरी बाजू, कारण जुन्या लोकांची तक्रारही खोटी नाही. अंधाराला डोळे नीट सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, कधी त्याहून जास्त. एवढा वेळ शांत बसून एखाद्याने एक अंधुक दीर्घिका, म्हणजे लांबचा प्रचंड तारासमूह, कशीबशी पकडलेली असते आणि शेजारी कुणीतरी मोबाईल काढून मेसेज बघतो, झालं, त्या पांढऱ्या उजेडाने अर्ध्या तासाची मेहनत गेली. कुणाचा फोटो चालू असतो, चार चार मिनिटांची एक्स्पोजर, आणि कुणाचा तरी पाय ट्रायपॉडला लागतो. हे होणारच, नवीन माणसाला माहीतच नसतं, पण महिन्यातून एकच अमावास्या मिळते आणि त्यातही ढग आले तर तीही जाते, तेव्हा जुना माणूस चिडला तर मी त्याला दोष देणार नाही.

म्हणून आम्ही वेगळं केलं. सरळ दोन गट, नवीन आणि अनुभवी, दोन वेगळ्या जागा, मधे भरपूर अंतर. पहिल्या दोन अमावास्या सगळे खूश होते. मग लक्षात आलं की अनुभवी मंडळी तिकडे कोपऱ्यात आपापल्या लॅपटॉपसमोर गप्प बसलेली आणि इकडे नवीन माणसं एकमेकांनाच विचारतायत की ही चमकणारी गोष्ट कुठली, कुणालाच माहीत नाही, मग मोबाईलवर ॲप उघडतायत. पुढे पुढे नवीन गटातले लोक येईनासे झाले, आणि मग अनुभवी गटातही कुणी नवीन येणं बंद झालं, कारण तिथे येणारा माणूस इकडूनच येणार ना! ही माझी मोठी चूक होती. मी माणसं विभागली होती.

इथे एक प्रयोग सांगतो, मला तो फार महत्त्वाचा वाटतो. १९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी काही जणांना सगळ्यांच्या ओळखीच्या गाण्यांचा ताल टेबलावर बोटांनी वाजवायला सांगितला आणि समोरच्यांनी गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटत होतं निम्मी तरी ओळखली जातील. १२० गाणी वाजवली, त्यातली ओळखली गेली फक्त ३. कारण वाजवणाऱ्याच्या डोक्यात चाल चालू असते आणि ऐकणाऱ्याला नुसती टकटक येते. आपण जेव्हा नवीन माणसाला म्हणतो ना, की अरे सोपं आहे, शर्मिष्ठा तारकासमूहाच्या टोकापासून खाली ये आणि भाद्रपदाच्या चौकोनाकडून वर ये, मधे देवयानी दीर्घिका दिसेल, तेव्हा चाल आपल्या डोक्यात असते. त्याला शर्मिष्ठाच सापडलेली नसते. त्यामुळे सगळ्यात अनुभवी माणूस सगळ्यात चांगला शिकवेल हे काही खरं नाही.

आणि उलटही आहे. स्लावा काल्युगा, जॉन स्वेलर वगैरे संशोधकांनी २००३ मध्ये ह्यावर लिहिलंय की जी पायरी पायरीने दिलेली मदत नवशिक्याला उपयोगी पडते तीच जाणकाराच्या आड येते, त्याला आधीच माहीत असलेलं परत वाचावं लागतं आणि डोकं त्यातच अडकतं. म्हणजे एकच माहितीपत्रक दोघांना द्यायचं हे चालणार नाही. सामग्री वेगळी लागणारच, तिथे माझं काही दुमत नाही.

पण नवीन म्हणजे कोण आणि अनुभवी म्हणजे कोण? आमच्याकडे एक जण कित्येक वर्षं फोटो काढतोय, त्याचे तेजोमेघांचे, म्हणजे अवकाशातल्या वायू-धुळीच्या ढगांचे, फोटो बघून डोळे दिपतात, स्टॅकिंग, डार्क फ्रेम, गायडिंग अशी फोटोची सगळी तंत्रं येतात. त्याचा माउंट, म्हणजे दुर्बिणीचा स्टँड, गो-टू आहे, बटण दाबलं की दुर्बीण आपोआप वळते, त्यामुळे एकदा बॅटरी गेली तेव्हा त्याला देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी कुठे शोधायची ते येईना, जी पंचवीस लाख प्रकाशवर्षं लांब असूनही अंधाऱ्या जागेतून दुर्बिणीशिवाय दिसते. आणि त्याच रात्री एक बाई होत्या, साध्या बायनॉक्युलरवाल्या, त्यांनी मेस्सिए ह्या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाच्या यादीतल्या ११० पैकी बऱ्याच गोष्टी एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर उडी मारत स्वतः शोधलेल्या, पण फोटोतलं त्यांना अक्षर माहीत नाही. सांगा, ह्यातलं नवीन कोण? दोघंही दोन्ही आहेत. त्या बाईंनी त्याला वाट दाखवली आणि पुढच्या वेळी त्याने त्यांना कॅमेरा लावून दिला.

तेव्हापासून मी म्हणतो की माणसावर पाटी लावू नका, कामावर लावा. रिंगण दोनच ठेवा पण ती कामाची असू देत. पहिलं रिंगण उजेडाचं, म्हणजे लाल टॉर्च चालेल, बोलणं चालेल, प्रश्न चालतील, तिथे गुरूचे चंद्र, शनीची कडी, कृत्तिका, मृगातला तेजोमेघ असं पटकन दिसणारं. दुसरं रिंगण अंधाराचं, तिथे पांढरा उजेड अजिबात नाही, पाय जपून, बोलणं हळू. कोण कुठल्या रिंगणात जाणार हे त्या रात्री त्याला काय करायचंय त्यावर. वीस वर्षं आकाश बघणारा माणूस पहिल्या रिंगणात बसू शकतो आणि दुसऱ्यांदा आलेली कॉलेजची मुलगी अंधाराच्या रिंगणात येऊ शकते, नियम पाळले म्हणजे झालं. तिथे गेल्यावर तिला कुणीतरी हळूच सांगतं की थेट बघू नको, जरा बाजूला बघ, कारण डोळ्याच्या मधल्या भागापेक्षा कडेचा भाग अंधुक उजेड जास्त पकडतो, आणि जी धूसर गोष्ट आत्तापर्यंत दिसत नव्हती ती दिसायला लागते. हे शिकायला कुठली परीक्षा लागते?

आता सगळ्यात महत्त्वाचं. मधले लोक. वर्षभर येणारे, ज्यांना फाइंडर लावता येतो पण कॉलिमेशनची अजून भीती वाटते. दोन गट केले की हे लोक लटकतात, पहिल्या गटात त्यांना तेच तेच ऐकून कंटाळा येतो आणि दुसऱ्यात त्यांना बोलायला लाज वाटते, आणि सोडून जाणाऱ्यांत मी तरी हेच लोक जास्त बघितलेत. पण बघा, नवीन माणसाला शिकवायला ह्यांच्यासारखं कुणी नाही! ह्यांना अजून आठवतंय की काय कळत नव्हतं. गेल्या वर्षी ह्याच मैदानात आयपीसमधून काळोखच दिसत होता, मग कळलं की झाकणच काढलं नव्हतं, हे ज्याला आठवतं तो नवीन माणसाला रागावत नाही. म्हणून पहिल्या रिंगणाची जबाबदारी आम्ही मधल्यांना दिली. शिकवायचं म्हटलं की त्यांचंही पक्कं होतं, आणि जिथे अडतात तिथे पलीकडच्या रिंगणात जाऊन विचारून येतात, म्हणजे दोन रिंगणांमधे सारखं जाणं-येणं चालू राहतं.

आणि असं एक तरी काम ठेवा जे दोघं मिळून करतील. रूपविकारी तारे, म्हणजे ज्यांचं तेज कमीजास्त होत राहतं ते, त्यासाठी उत्तम. एखाद्या ताऱ्याचं तेज शेजारच्या ताऱ्यांशी ताडून बघायचं आणि आकडा लिहायचा. अमेरिकेतली एएव्हीएसओ ही संस्था १९११ पासून अशा हौशी नोंदी गोळा करते आणि शास्त्रज्ञ त्या वापरतात. २०१९ च्या शेवटी मृगाच्या खांद्यावरचा काक्षी हा तारा मंद व्हायला लागला, एरवी तो साधारण ०.५ प्रतीचा असतो (प्रत म्हणजे तेजाचा आकडा, तो जितका मोठा तितका तारा मंद), फेब्रुवारी २०२० पर्यंत १.६ च्या आसपास उतरला, म्हणजे मृगातल्याच दुसऱ्या खांद्यावरच्या ताऱ्याएवढा. हे बघायला दुर्बीणही लागत नव्हती. पहिल्या महिन्यातला माणूस आणि तीस वर्षांचा माणूस शेजारी उभे राहून एकाच ताऱ्याकडे बघून म्हणतात की मला एवढा वाटतो, तुला? अशा वेळी दोघांचा आकडा वहीत सारख्याच मानाने जातो.

ज्युदोचं उदाहरण मला आवडतं. पट्ट्यांचे रंग वेगळे असतात पण मॅट एकच, काळ्या पट्ट्याचा माणूस पांढऱ्या पट्ट्याबरोबर सराव करतो, आणि काळ्या पट्ट्याच्या पहिल्या पायरीला जपानीत शोदान म्हणतात, त्यातल्या शोचा अर्थच सुरुवात.

मघाशी एका ताईंनी विचारलं की मग माणूस पुढे गेला हे ठरवायचं कोणी. तर आम्ही ठरवत नाही. प्रत्येकाकडे वही असते, तारीख, वेळ, आकाश कसं होतं, काय बघितलं, कसं दिसलं, शक्य असेल तर पेन्सिलने चित्र. अंधाराच्या रिंगणात यायचं असेल तर वही घेऊन या, एवढंच सांगतो. एका मुलाची वही परवा बघितली, पहिल्या पानावर लिहिलंय, मृगात काहीतरी पांढरं. सातव्या महिन्यातल्या पानावर त्याच तेजोमेघातले ते चार जवळजवळचे तारे वेगवेगळे काढलेत, आणि खाली लिहिलंय की कडेला अजून एक वाटतो, नक्की नाही, पुढच्या अमावास्येला परत बघायचा.