थंडीतलं ऊन सावलीवरून ओळखायचं

(दृश्य: शाळेचं मैदान, डिसेंबरची दुपार. कमरेला स्वेटर बांधलेली मुलं. कॅमेरा जमिनीवरच्या सावल्यांवर.)

निवेदन:
पुण्यात २२ डिसेंबरला दुपारी साडेबाराच्या सुमारास उघड्या मैदानात उभं राहून आपली सावली मोजून बघा. पाच फुटांच्या माणसाची सावली साडेचार फूट भरते. वर्षातला सगळ्यात लहान दिवस, सकाळी तोंडातून वाफ निघत होती, आणि तरी सावली माणसापेक्षा आखूड! नागपुरात याच दिवशी ती जवळजवळ माणसाएवढी असते, पणजीत जेमतेम चार फूट. याचा अर्थ सूर्य आभाळात निम्म्याच्या वर चढलेला आहे. आभाळ स्वच्छ असेल तर महाराष्ट्रात या वेळी अतिनील निर्देशांक, म्हणजे त्वचेला भाजणाऱ्या अतिनील किरणांचा जोर सांगणारा आकडा, साधारण ६ ते ८ असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते हा आकडा ३ झाला की त्वचेला संरक्षण हवं.

मग ऊन लागतंय हे कळत का नाही? कारण आपल्याला जाणवते ती ऊब. ती येते अवरक्त किरणांमुळे आणि तापलेल्या हवेमुळे. त्वचा काळवंडवणारे, भाजणारे अतिनील किरण अंगावर पडताना काहीच जाणवत नाही. मे महिन्यात घाम फुटतो, जीव कासावीस होतो आणि माणूस आपोआप झाडाखाली जातो. डिसेंबरात गार वारा असतो, ऊन हवंहवंसं वाटतं, म्हणून तोच माणूस दोन-दोन तास हलत नाही. त्यात आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर लाली चटकन दिसत नाही. आली तरी काही तासांनी येते, रात्री आंघोळीला गरम पाणी घेतल्यावर मान चुरचुरते तेव्हा कळतं.

(दृश्य: अंगणात उभारलेली काठी. सकाळपासून दुपारपर्यंत तिची सावली आखडताना.)

निवेदन:
म्हणून तापमानाकडे बघायचं नाही, सावलीकडे बघायचं. सावली आपल्या उंचीच्या दुप्पट किंवा त्याहून लांब असेल, तोवर निर्देशांक २ च्या आसपास राहतो. हे खरं कोवळं ऊन. सावली दीडपट झाली की निर्देशांक ३ ला टेकतो. सावली आपल्याएवढी झाली की तो ६ च्या पुढे गेलेला असतो. पुण्यात डिसेंबरच्या अखेरीस सावली दुप्पट असते साधारण सव्वानऊपर्यंत, दीडपट होते दहाला, आणि साडेअकरा ते पावणेदोन या वेळात ती आपल्यापेक्षा आखूड असते. तीननंतर ती पुन्हा दीडपटीच्या पुढे लांबायला लागते.

घड्याळातले बारा म्हणजे भर दुपार, हा हिशेब पश्चिम महाराष्ट्रात चुकतो. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर ठरते आणि मुंबई-पुणे त्याच्या बरेच पश्चिमेला आहेत. त्यामुळे इथे सूर्य सर्वांत वर येतो तो साडेबाराच्या पुढे, जानेवारीच्या मध्यावर तर पाऊण वाजता. ‘बारा वाजून गेले, आता ऊन उतरलं’ असं म्हणून जेवणानंतर गच्चीवर सतरंजी टाकणारे नेमके ऐन उन्हात बसतात.

परदेशातल्या मराठी माणसांना हे आकडे लागू पडत नाहीत. लंडनमध्ये २२ डिसेंबरच्या दुपारी पाच फुटांच्या माणसाची सावली साडेअठरा फूट पडते. तिथे लिहिलेला ‘हिवाळ्यात सनस्क्रीन कशाला’ हा सल्ला तिथल्यापुरता ठीक आहे, तो वाचून सोलापुरात वागू नये.

(दृश्य: ऊसतोडीचा फड. साडीवर पूर्ण बाह्यांचा पुरुषी शर्ट घातलेल्या, डोक्याला कापड गुंडाळलेल्या बायका.)

निवेदन:
उन्हापासून बचावाचा सगळ्यात पक्का आणि स्वस्त उपाय या फडात दिसतो. साडीवर चढवलेला पूर्ण बाह्यांचा, जाड कापडाचा शर्ट. उसाचं पातं कापतं म्हणून तो घातला जातो, पण मनगटापर्यंतचा हात दिवसभर झाकलेला राहतो. हा शर्ट दर दोन तासांनी पुन्हा लावावा लागत नाही, घामाने उतरत नाही.

कापड निवडताना एकच परीक्षा: ते उजेडासमोर धरा. पलीकडचा उजेड टिपक्याटिपक्यांनी दिसला तर किरणही तिथूनच येणार. पातळ पांढरा सुती टी-शर्ट अतिनील किरणांचा साधारण पाचवा ते सातवा हिस्सा आत सोडतो, ओला झाला की आणखी जास्त. सैल विणीच्या लोकरी स्वेटरचंही तेच, उबदार असला तरी भोकं ती भोकंच. घट्ट विणीचं गडद कापड सगळ्यात चांगलं. संक्रांतीला काळं नेसण्याची आपली रीत थंडीसाठी म्हणतात, पण दिवसभर गच्चीवर असणाऱ्याला ती याही कामी येते.

टोप्यांची गंमत वेगळी. कानटोपी कान आणि मान झाकते, पण तिला काठ नाही, म्हणून नाक, गाल आणि डोळ्यांखालचा भाग उघडाच. गांधी टोपीला तर कानही बाहेर. चारही बाजूंनी निदान तीन इंच काठ असलेली टोपी हवी. मात्र पतंग उडवणाऱ्याला तीही पुरत नाही, कारण मान मागे टाकली की चेहरा सरळ आभाळाकडे होतो आणि टोपीची सावली पाठीवर पडते. त्या दिवशी हनुवटीखाली, गळ्याला आणि नाकाच्या खालच्या बाजूला सनस्क्रीन लागतंच, शिवाय गॉगल.

दुचाकीवर स्कार्फ बांधणाऱ्या मुली चेहरा उत्तम झाकतात आणि हात विसरतात. हँडल धरलेल्या हाताची मागची बाजू थेट वर असते. तिथे हातमोजे किंवा सनस्क्रीन, दोन्हीपैकी एक हवंच.

(दृश्य: जवळून, हाताच्या दोन बोटांवर पिळलेल्या सनस्क्रीनच्या दोन रेघा.)

निवेदन:
आता सनस्क्रीन. डब्यावर एसपीएफ ३० किंवा ५० बघतात, तो आकडा मुख्यतः यूव्हीबीपासूनच्या, म्हणजे भाजणाऱ्या अतिनील किरणांपासूनच्या संरक्षणाचा. डाग, वांग आणि सुरकुत्यांना मोठा हातभार लावतात ते यूव्हीए, म्हणजे दुसऱ्या प्रकारचे अतिनील किरण, आणि ते खिडकीच्या साध्या काचेतूनही आत येतात. त्यासाठी डब्यावर ‘पीए’ या अक्षरांपुढच्या अधिकच्या (+) खुणा मोजा, तीन किंवा चार असाव्यात. कपाळावर, गालांवर वांग असेल तर रंगीत सनस्क्रीन घ्या. त्यातलं आयर्न ऑक्साइड दिसणारा प्रकाशही अडवतं, आणि वांग त्यानेही वाढतो.

खरी चूक प्रमाणात होते. एसपीएफ मोजताना प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम लावतात. चेहरा आणि गळा यांना तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर टोकापासून मुळापर्यंत एकेक रेघ, एवढं लागतं. म्हणजे साधारण एक ग्रॅम. आपण लावतो वाटाण्याएवढं. ५० लावलेलं मग ५० चं काम करत नाही, फार खाली येतं. तपासायची सोपी रीत आहे: रोज एकदा पुरेसं लावलं तर ५० ग्रॅमची ट्यूब ५० दिवसांत संपायला हवी. दिवाळीत आणलेली ट्यूब होळीला अर्धी असेल तर आपण नुसता वास लावत होतो.

थंडीत कोरड्या त्वचेवर ते लावायची रीतही नीट हवी. आंघोळीनंतर अंग दमट असतानाच मॉइश्चरायझर. पाच ते दहा मिनिटं जाऊ द्या. मग सनस्क्रीन, एकदम चोळायचं नाही. थोडं थोडं ठिपक्यांनी ठेवून हलक्या हाताने पसरायचं. बाहेर पडण्याआधी पंधरा-वीस मिनिटं. मळाच्या गोळ्या निघाल्यासारखं होतं त्याचं कारण बहुतेकदा खालचा थर वाळलेला नसतो आणि वरून रगडलं जातं. चेहरा राखट दिसतो तो काही सनस्क्रीनमधल्या झिंक ऑक्साइड या पांढऱ्या द्रव्यामुळे, तिथे कमी लावणं हा इलाज नव्हे; रंगीत किंवा जेल प्रकारातलं घ्या. तेल लावून त्यावर सनस्क्रीन लावलं की ते सरकतं आणि थर तुटतो. खोबरेल रात्री लावा.

उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. आणि एक खास हिवाळी चूक: सकाळी सातला जर्किन घालून ट्रेकला निघतात, सनस्क्रीन फक्त तोंडाला. दहाला जर्किन निघतं आणि सकाळपासून कोरडे असलेले दोन्ही हात, मान उन्हात येतात. जर्किन काढण्याची वेळ तीच सनस्क्रीनची वेळ.

ओठ फुटतात म्हणून व्हॅसलीन किंवा आमसुलाचं तेल लावतात. भेगांना दोन्ही छान, पण उन्हाला अडवत नाहीत. दिवसा एसपीएफ असलेला लिप बाम लावा.

ग्लिसरीन, गुलाबपाणी आणि लिंबू हे मिश्रण घरोघरी असतं. त्यातलं लिंबू काढून टाका. लिंबाच्या सालीतल्या आणि रसातल्या काही द्रव्यांवर यूव्हीए पडलं की त्वचा भाजल्यासारखी होते आणि नंतर महिनोन्‌महिने टिकणारे तपकिरी चट्टे उरतात. हुरड्यावर लिंबू पिळल्यावर हात साबणाने धुवायचे ते यासाठीच. डॉक्सिसायक्लीन या प्रतिजैविकासारख्या काही गोळ्या चालू असतानाही ऊन लवकर लागतं, डॉक्टरांना विचारून घ्या.

(दृश्य: ओसरीवर तान्ह्या बाळाचं तेल-मालीश.)

निवेदन:
सहा महिन्यांखालच्या बाळाला सनस्क्रीन लावत नाहीत. मालीशनंतरचं ऊन नऊच्या आतलं, तेही थोडाच वेळ, पुढे सावली आणि झबलं. ‘ड’ जीवनसत्त्वाचं काय, हा प्रश्न इथे येतोच. ते यूव्हीबीमुळे तयार होतं आणि कोवळ्या उन्हात यूव्हीबी फार कमी असतं. तेव्हा सकाळी तासभर बसून कमतरता भरून निघेल असं धरून चालू नका. हात-पाय थोडा वेळ उघडे ठेवा, चेहरा झाका. कमतरता असेल तर रक्त तपासून डॉक्टर सांगतील ती मात्रा घ्या.

(दृश्य: बर्फाचा उतार, भाड्याने घेतलेले कोट घातलेले पर्यटक.)

निवेदन:
डिसेंबरच्या सुट्टीत मनाली किंवा गुलमर्गला जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. दर हजार मीटर चढलं की अतिनील किरण साधारण दहा टक्क्यांनी वाढतात, आणि ताजा बर्फ त्यातले ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. ऊन खालूनही येतं, म्हणून हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडांना लावा. गॉगल बाजूंनीही झाकणारा हवा. बर्फाने डोळे भाजले तर लगेच कळत नाही. काही तासांनी वाळू गेल्यासारखं खुपतं, पाणी वाहतं. डोळे चोळू नका, अंधाऱ्या खोलीत थांबा, डॉक्टरांना दाखवा.

(दृश्य: पुन्हा अंगणातली काठी. फेब्रुवारी.)

निवेदन:
फेब्रुवारीत पहाटे अजून गारवा असतो, स्वेटर निघालेला नसतो. पण महिन्याच्या अखेरीस पुण्यात सावली दीडपटीच्या आत येते साडेनऊलाच, आणि तशी राहते चारपर्यंत. भर दुपारचा निर्देशांक तोवर १० च्या घरात पोचलेला असतो. शाळेच्या क्रीडास्पर्धा, लग्नाचे मांडव, द्राक्षबागांतली काढणी या दिवसांतच असते. डिसेंबरात दहा ते तीन सांभाळत होता, ते आता साडेनऊ ते चार करा.