दगडाची माती, मातीचा दगड

[दृश्य: तळहातावर ग्रॅनाइटचा तुकडा, अगदी जवळून]

हा ग्रॅनाइटचा तुकडा. लांबून नुसता करडा दिसतो. उन्हात जरा फिरवला, की त्यात तीन वेगळे पदार्थ दिसू लागतात. धुरकट काचेसारखे कण आहेत ते क्वार्ट्झचे, म्हणजे आपल्या गारगोटीचे. दुधी किंवा गुलाबी, सपाट अंगाचे कण फेल्डस्पारचे. आणि मधूनच लखलखणाऱ्या काळ्या चकत्या अभ्रकाच्या. या तिघांकडे नीट पाहून ठेवा. आज ते एकमेकांना घट्ट धरून आहेत, पण पुढे त्यांच्या वाटा वेगळ्या होणार आहेत.

हे कण नुसत्या डोळ्यांना दिसतात, कारण त्यांना वाढायला सवड मिळाली. कित्येक किलोमीटर खोल साचलेला शिलारस, म्हणजे वितळलेला खडक, वरच्या खडकांच्या पांघरुणाखाली लाखो वर्षं सावकाश निवत राहिला आणि एकेक स्फटिक आकाराला आला. ज्वालामुखीतून उघड्यावर आलेल्या लाव्हाला इतका वेळ मिळत नाही. तो भराभर थिजतो. बेसाल्ट असा तयार होतो, म्हणून त्याचे कण इतके बारीक असतात की ते पाहायला भिंग लागतं. चिकट लाव्हा फारच झपाट्यानं थिजला, तर स्फटिक होतच नाहीत. मग हाती येते ती काळी, धारदार काच. तिला ऑब्सिडियन म्हणतात.

[दृश्य: उघडा पडलेला, पापुद्रे सुटलेला ग्रॅनाइटचा डोंगर]

वरचं पांघरूण झिजून गेलं की खोलवरचा ग्रॅनाइट उघडा पडतो. अंगावरचा भार हटल्यामुळे तो किंचित फुलतो, आणि कांद्याच्या पापुद्र्यांसारखे त्याचे थर सुटू लागतात. फटींमध्ये पाणी शिरतं. थंड मुलखात ते गोठतं आणि गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगतं. पाचर ठोकावी तशी फट रुंदावत जाते. झाडांची मुळंही हेच काम करतात.

पण दगड फुटला म्हणजे माती झाली, असं नाही. दगड कितीही बारीक कुटला, तरी तो दगडाचा चुराच.

खरा पालट घडवतं ते पावसाचं पाणी. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो आणि पाणी अगदी सौम्य आम्ल बनतं. त्या पाण्यापुढे फेल्डस्पार टिकत नाही. त्यातलं पोटॅशियम, सोडियम, कॅल्शियम धुऊन जातं आणि उरलेल्याची घडण बदलून चिकणमाती होते. काळ्या अभ्रकातलं लोखंड गंजतं आणि खडकाला तांबूस डाग पडतात. क्वार्ट्झ मात्र जवळजवळ जसाच्या तसा राहतो. त्याला धरून ठेवणारे सोबतीच विरघळले, की तो सुटा होतो. तीच वाळू.

[दृश्य: बोटांच्या चिमटीत ओली माती]

चिमूटभर माती ओली करून बोटांत चोळून पाहा. खरखर लागते ती वाळू. पिठासारखा मऊ लागतो तो पोयटा. बोटांना चिकटून राहते आणि वळली तर जिची लांब वळी होते, ती चिकणमाती. वाळूचा कण २ मिलिमीटरपर्यंत मोठा असू शकतो. चिकणमातीचा कण ०.००२ मिलिमीटरहून लहान असतो.

मला स्वतःला या सगळ्यात चिकणमातीचंच जास्त नवल वाटतं. तिचे कण म्हणजे एकावर एक रचलेले अतिसूक्ष्म पत्रे. या पत्र्यांवर ऋण विद्युतभार असतो. त्यामुळे कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम यांसारखी धनभारित पोषकद्रव्यं त्यांना धरून राहतात आणि मुळांना हवी तेव्हा मिळतात. वाळूतून हेच अन्न पाण्याबरोबर खाली निघून जातं.

१९६९ ते १९७२ या काळात अपोलो मोहिमांमधल्या माणसांनी चंद्रावरून सुमारे ३८२ किलो दगड आणि धूळ आणली. ती धूळ दिसायला मातीसारखीच आहे. पण उल्कांच्या माऱ्यानं खडकाचं पीठ झालं, एवढंच तिथं घडलं. तिला पाणी मिळालं नाही, आणि तिच्यात कुणी जगलं-मेलं नाही. मी तिला माती म्हणणार नाही.

जीव आल्यावर काय होतं, ते माणसाला अगदी पहिल्या दिवसापासून पाहायला मिळालं. १९६३ साली आइसलँडच्या दक्षिणेला समुद्रातून ज्वालामुखी उसळला आणि सुर्त्सेई हे नवं बेट वर आलं. निव्वळ राख आणि लाव्हा. १९६५ मध्ये तिथं पहिलं फुलझाड उगवलं. पुढे शेवाळं आली, दगडफूल आलं. आणि १९८०च्या दशकात कुरव पक्षी वसाहत करून राहू लागले. त्यांच्या विष्ठेनं राखेला नायट्रोजन मिळाला, आणि त्यांच्या घरट्यांभोवती हिरवळ दाटली.

चार्ल्स डार्विननं आयुष्याच्या अखेरीस, १८८१ मध्ये, गांडुळांवर अख्खं पुस्तक लिहिलं. इंग्लंडच्या बऱ्याच भागांत दर एकरी दहा टनांहून जास्त माती दरवर्षी गांडुळांच्या पोटातून जाते, असा त्याचा हिशेब होता.

[दृश्य: शेजारी-शेजारी दोन ढेकळं. एक काळं, एक विटकरी]

आता ही दोन ढेकळं बघा. दोन्ही बेसाल्टचीच लेकरं. पाऊस बेताचा आणि जमीन सखल असली, की खडकातून सुटलेलं कॅल्शियम, मॅग्नेशियम तिथंच राहतं आणि फुगणारी चिकणमाती तयार होते. ओली झाली की ती फुगते, वाळली की तिला हातभर खोल भेगा पडतात. वरची माती भेगांत पडते, आणि जमीन स्वतःच स्वतःला खालीवर करते.

तोच बेसाल्ट उष्ण प्रदेशातल्या धो-धो पावसात सापडला, की विरघळण्याजोगं सगळं वाहून जातं, सिलिकासुद्धा. मागे राहतं लोखंड आणि ॲल्युमिनियम. हा जांभा. फ्रान्सिस ब्यूकॅनन या स्कॉटिश डॉक्टर-सर्वेक्षकाला मलबारात तो दिसला. ताजा असताना कुऱ्हाडीनं कापता येणारा, आणि हवा लागली की विटेसारखा कडक होणारा. म्हणून १८०७ मध्ये त्यानं लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून त्याला लॅटराइट असं नाव दिलं.

नुसत्या खडकावरून मातीचा अंदाज बांधू नये, तो याचसाठी. रशियातल्या काळ्या मातीवर वसिली दोकुचायेव या मृदाशास्त्रज्ञानं १८८३ मध्ये ग्रंथ लिहिला. माती घडवणारे पाच कर्ते त्यानं मांडले: मूळ खडक, हवामान, सजीव, जमिनीचा चढउतार आणि काळ. यातला काळ सगळ्यात सहज विसरला जातो. एक सेंटिमीटर माती तयार व्हायला बहुतेक ठिकाणी शेकडो वर्षं लागतात. उघड्या उतारावर एखादा जोराचा पाऊस ती एका दुपारी घेऊन जाऊ शकतो.

[दृश्य: गढूळ नदी, मग समुद्राकाठचा कडा]

वाहून गेलेली माती समुद्रतळाशी थरांवर थर साचवते. वरच्या भारानं थर दबतात, पाण्यातला चुना किंवा सिलिका त्यांना सांधतो, आणि वाळूचा वालुकाश्म, चिखलाचा पंकाश्म बनतो. आणखी खोल, आणखी उष्णतेत वालुकाश्माचा क्वार्ट्झाइट होतो, पंकाश्माचा पाटीचा दगड, चुनखडीचा संगमरवर.

१७८८ मध्ये स्कॉटिश भूशास्त्रज्ञ जेम्स हटन दोन मित्रांसह होडीतून स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर सिकार पॉइंटला पोहोचला. तिथं करड्या खडकाचे थर जवळजवळ उभे आहेत, आणि त्यांच्या झिजलेल्या टोकांवर लाल वालुकाश्माचे थर कलते पसरले आहेत. खालचे थर साचले, दगड झाले, उभे वळले, वर उचलले गेले, झिजले, आणि मग कुठे वरची वाळू पडायला सुरुवात झाली. आज आपल्याला माहीत आहे की खालचे थर सुमारे ४३ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत आणि वरचे सुमारे ३७ कोटी वर्षांपूर्वीचे.

त्या कड्यावर उत्तर समुद्राच्या लाटा आजही आदळताहेत. लाल वालुकाश्माचे कण सुटून खाली पडताहेत. त्यातला एखादा उचलून उन्हात धरला, तर तो धुरकट काचेसारखा दिसतो.