आधी वाचून, मग बिल

[दृश्य : छत्रपती संभाजीनगर, औरंगपुरा. दुकानाबाहेर वह्यांचे गठ्ठे, गर्दी.]

जूनचा दुसरा आठवडा लागला की औरंगपुऱ्यात चालायला जागा उरत नाही. दोनशे पानी वह्या, खाकी कव्हरं, लेबलं, कंपासपेट्या. पालकांच्या हातात शाळेनं दिलेली यादी, लेकरांचं लक्ष कार्टूनच्या दप्तराकडं. पुढच्या फळ्यांवर गाइडं आणि वर्कबुकं. हेच लातूरला पाहिलंत, तर पुढची फळी नीट-जेईईची. गोष्टींची पुस्तकं आत कुठंतरी, खालच्या कप्प्यात, कणा बाहेर करून ठेवलेली. सोळा पानांच्या पुस्तकाला कणा असतो केवढा? त्यावर नाव छापायलाही जागा नसते.

या गर्दीत जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी आणि बाई सहसा दिसत नाहीत. पहिली ते आठवीची पाठ्यपुस्तकं शाळेत मोफत पोचतात, त्यामुळं त्यांना दुकानाची पायरी चढायचं कारणच पडत नाही. आणि तरी शिक्षण हक्क कायदा, २००९ची अनुसूची सांगते की प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींची पुस्तकं हवीत. ती पुस्तकं निवडायची कुणी आणि कधी, हा या फिल्मचा विषय.

[दृश्य : दुकानाचा आतला भाग. टेबलं सरकवून सतरंजी अंथरली जाते.]

शाळा उघडतात साधारण १५-१६ जूनला. विदर्भाला उन्हामुळं थोडी सवलत मिळते. मराठवाडाही तापतो, पण वेळापत्रक बाकीच्या राज्याचंच. म्हणून शिक्षकांना पुस्तकं वाचून निवडता यावीत, यासाठी दुकानानं कार्यक्रम ठेवायचा तो शाळा उघडल्यानंतरच्या पहिल्या किंवा दुसऱ्या शनिवारी. मे महिन्यात अर्धे शिक्षक गावाकडं असतात. शनिवारी शाळा सकाळची. सुटून एसटीनं शहरात पोचेपर्यंत दीड वाजतो. दोनला सुरुवात, साडेचारला शेवट. त्यापुढं ताणलं तर लोक घड्याळाकडं बघायला लागतात, कारण परतीची गाडी सगळ्यांना धरायची असते. चहा सुरुवातीलाच द्यावा. शेवटी ठेवला तर निम्मा थर्मासमध्येच राहतो.

पंचवीस-तीस जणांपेक्षा जास्त बोलावू नये. त्यापुढं माइक लागतो, माइक आला की भाषण येतं, भाषण आलं की शाल आणि नारळ येतात. सत्कारात पाऊण तास गेला की पुस्तकं उघडायला उरतो तो वेळ उभ्या उभ्या चाळण्यापुरता.

पुस्तकं प्रकाशकाप्रमाणं मांडली तर शिक्षकाला काही उपयोग नाही. त्याला हवं असतं, दुसरीच्या माझ्या वर्गाला काय झेपेल. म्हणून टेबलं चार. प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेच्या 'स्टोरीवीव्हर' या गोष्टींच्या संकेतस्थळावर वाचनाचे चार स्तर आहेत, ते मापाला बरे पडतात: पहिल्या स्तरात २५०पेक्षा कमी शब्द, दुसऱ्यात ६००पर्यंत, तिसऱ्यात १,५००पर्यंत, चौथ्यात त्याच्या वर. दुसऱ्या प्रकाशकांची पुस्तकंही याच अंदाजानं लावता येतात. प्रत्येक पुस्तक मुखपृष्ठ वर करून ठेवायचं. जागा कमी पडत असेल तर पुस्तकं कमी ठेवा, एकावर एक रचू नका.

[दृश्य : एका शिक्षिकेच्या हातात पुस्तक. कॅमेरा पानाजवळ.]

आता एकच पुस्तक जवळून बघू.

सोळा पानी, मधे दोन पिना. आधी ते पूर्ण उघडून जमिनीवर ठेवायचं. आपोआप मिटलं, तर वर्गात दोन हात पुस्तक धरण्यातच अडकणार. मग पान उजेडाकडं धरायचं. मागची अक्षरं आरपार दिसत असतील तर पहिलीतलं लेकरू दोन्ही बाजूंच्या ओळी एकात एक वाचतं. मग मधल्या घडीकडं बघायचं. दोन पानांवर पसरलेल्या चित्रातला चेहरा घडीत गेलाय का? बऱ्याचदा जातो.

नंतर अक्षर. हिंदीवरून मराठीत आणलेल्या पुस्तकांत कधीकधी फाँट हिंदीचाच राहतो. त्यातले ल आणि श वेगळे. आपल्याकडं लेकरू पाठ्यपुस्तकात पाकळीचा ल आणि देठाचा श शिकतं. इथं तेच अक्षर दुसऱ्या रूपात दिसलं की ते थबकतं, आणि आपल्याला वाटतं त्याला वाचताच येत नाही. चौथीच्या पुढं याचं काही वाटत नाही. पहिली-दुसरीसाठी मात्र असं पुस्तक बाजूला ठेवलेलं बरं.

मजकूर झेपेल का, याची सोपी कसोटी पाच बोटांची. साधारण पन्नास शब्दांचं पान लेकराला वाचायला द्यायचं, अडलं की एक बोट मिटायचं. पान संपेपर्यंत पाचही बोटं मिटली तर पुस्तक आत्ता त्याच्यासाठी नाही. बाईंनी वाचून दाखवायला तेच पुस्तक चालतं. दुकानात लेकरू नसतं, म्हणून शिक्षकानं आपल्या वर्गातलं मधल्या वकुबाचं एक पोर डोळ्यासमोर आणायचं. अडणार ते बहुधा जोडाक्षरांवर.

या सगळ्यापेक्षा मोठी परीक्षा म्हणजे पुस्तक मोठ्यानं वाचून बघणं. नुसतं चाळून 'छान आहे' म्हणता येतं. तोंडानं वाचलं की वाक्य कुठं लंगडतं, भाषांतर कुठं लाकडासारखं कडक झालंय, ते जिभेला लगेच कळतं. म्हणून या अडीच तासांतला निदान एक तास वाचनाचा. तिघा-चौघांचे गट, प्रत्येकानं एक पुस्तक दुसऱ्यांना वाचून दाखवायचं. पहिली दहा मिनिटं सगळे लाजतात. शिकवायची वर्षानुवर्षांची सवय असलेली माणसंसुद्धा सोबतच्या शिक्षकांसमोर गोष्ट वाचताना आवाज बारीक करतात.

[दृश्य : सतरंजीवर अर्धगोल. समोर वाचणारे गुरुजी.]

पुस्तक चेहऱ्यासमोर धरायचं नाही, खांद्याच्या बाजूला धरायचं. खालच्या कडेला, घडीपाशी, अंगठा आतून आणि बाकीची बोटं मागून. पान उलटायचं दुसऱ्या हातानं, वरच्या कोपऱ्यातून. असं धरलं की वाचणाऱ्याला मजकूर तिरका दिसतो. त्यामुळं आधी दोनदा वाचून ठेवावंच लागतं. पान उलटण्याआधी मनात पाचपर्यंत मोजायचं. चित्र बघायला लेकरांना तेवढा वेळ हवाच. समजा मजकुरात लिहिलंय की आजी झोपली, आणि चित्रात मांजर दुधाच्या पातेल्यात तोंड घालतंय. हे गुरुजींनी सांगून टाकलं तर पुस्तकातली मजाच गेली.

इथं हमखास दोन चुका होतात. एक, प्रत्येक ओळीला थांबून शब्दार्थ विचारणं. दोन, शेवटी 'तात्पर्य काय?' हा प्रश्न. त्यानं गोष्टीचा लगेच धडा होतो, आणि लेकरं वहीकडं हात नेतात.

वर्गात हेच पुस्तक तीन दिवस चालतं, रोज पंधरा मिनिटं. पहिल्या दिवशी सरळ वाचन, मधे काही विचारायचं नाही. दुसऱ्या दिवशी बोट फिरवत, परत परत येणारी ओळ लेकरांच्या तोंडून. तिसऱ्या दिवशी मजकूर झाकून, चित्रांवरून गोष्ट लेकरांनी सांगायची.

तांड्यावरच्या, म्हणजे बंजारा वस्तीतल्या शाळेत दुसरा दिवस सगळ्यात मोलाचा. तिथलं लेकरू घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली बोलतं. आईला याडी म्हणतं, भाकरीला बाटी. पुस्तकातल्या आईच्या जागी बाईंनी एकदा 'याडी' म्हटलं की मागच्या रांगेतलं पोर पुढं सरकतं. देगलूर-उदगीरकडं सीमेवरच्या गावांत हीच सोय तेलुगू-कानडीसाठी करता येते. शिक्षकाला ती भाषा यायची गरज नाही. 'तुमच्या घरी याला काय म्हणता?' एवढं विचारलं की शब्द लेकरंच पुरवतात.

[दृश्य : टेबलावर कॅल्क्युलेटर, कोरी बिलं, नोंदवही.]

आता पैशाचं. शाळांसाठीची केंद्राची समग्र शिक्षा योजना २०१८ला सुरू झाली. तिच्यात ग्रंथालयासाठी प्राथमिक शाळेला वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत तरतूद आहे. पैसे बऱ्याचदा आर्थिक वर्षाच्या शेवटी येतात आणि ३१ मार्चच्या आत खर्ची टाकायचे असतात. त्या घाईत मग तयार 'संच' येतो. शंभर पुस्तकं, एकच बिल, बारीक टाइपातली थोर पुरुषांची चरित्रं, एकाच साच्यातल्या बोधकथा. नोंदवहीत आकडा भरतो, कपाटाला कुलूप लागतं.

त्यापेक्षा हिशेब असा मांडावा. सरासरी किंमत ६० रुपये धरली आणि शाळा दोन शिक्षकांची असली, तर पन्नास वेगवेगळी पुस्तकं एकेक प्रत आणि पाच पुस्तकं पाच-पाच प्रती. झाल्या ७५ प्रती, ४,५०० रुपये. पाच-पाच प्रती अशासाठी की गटात बसून एकच पुस्तक सगळ्यांना बोट लावून वाचता यावं. उरलेल्या ५०० रुपयांत कापडी टेप, दाभण, जाड सुती दोरा, कपड्यांचे चिमटे. हा खर्च ग्रंथालयाच्या पैशातून चालेल का, ते आधी विचारून घ्यावं. पुस्तकांवर जीएसटी नाही, पझल आणि खेळांवर असतो. दोन्हीचं बिल वेगळं घेतलं तर लेखापरीक्षणात प्रश्न येत नाही. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, दरपत्रकं, मग खरेदी, हा क्रम उलटा झाला की बिल अडकतं. चूक पुस्तकाची नसते, तारखांची असते.

मुख्याध्यापकांची खरी धास्ती वेगळीच. 'फाटलं तर दाखवू काय?' फाटणारच. फाटलेल्या पुस्तकाचं निर्लेखन, म्हणजे नोंदवहीतून ते कमी करणं, रीतसर करता येतं. ज्या शाळेत पाच वर्षांत एकही पुस्तक फाटलेलं नाही, तिथं कपाट उघडलं जात नाही एवढंच समजायचं.

[दृश्य : दाभण, दोरा, पुस्तकाची मधली घडी.]

फाटणं लांबवता मात्र येतं. पावसाळ्यात पिना गंजतात आणि मधलं पान सुटतं. म्हणून पुस्तक आल्या दिवशीच पिना काढायच्या. मधल्या घडीवर दाभणानं तीन भोकं: एक मधोमध, दोन वर-खाली. सुई मधल्या भोकातून आत, वरच्यातून बाहेर, बाहेरच्या बाजूनं थेट खालच्यातून आत, पुन्हा मधल्यातून बाहेर, आणि तिथंच गाठ. वरून कापडी टेप. सेलोटेप लावू नये. उन्हाळ्यात त्याचा गोंद पाघळतो आणि पानं एकमेकांना चिकटतात. कपाट भिंतीपासून चार बोटं सुटं ठेवावं, ओल धरत नाही. डांबरगोळ्या लेकरांच्या हाताशी नकोत. वाळलेला कडुलिंबाचा पाला कापडात बांधून ठेवला तरी चालतो.

वर्गात पुस्तकं दोरीवर टांगायची तर दोरी जमिनीपासून तीनेक फुटांवर. सुतळीवर पुस्तक मधोमध उघडून लटकवलं की घडी मोडते. वरच्या कडेला दोन चिमटे लावावेत.

[दृश्य : बीड जिल्ह्यातला रस्ता. ट्रॅक्टरवर संसार.]

जूनची एवढी घाई का, याचं उत्तर इथं आहे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. बरीच लेकरं आईबापाबरोबर फडावर जातात, ती मार्च-एप्रिलपर्यंत. काहींची सोय हंगामी वसतिगृहात होते, सगळ्यांची नाही. अशा लेकराला वर्गात सलग मिळतात ते जून ते दिवाळी एवढेच महिने. मार्चमध्ये आलेला संच त्याच्या वर्षाला उपयोगी पडत नाही.

पैसे मार्चमध्ये आणि गरज जूनमध्ये, ही फट शिक्षक जमेल तशी बुजवतात. एका केंद्रातल्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटातल्या, चार शाळा पंचवीस-पंचवीस पुस्तकांच्या पेट्या करतात आणि केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीच्या, म्हणजे शिक्षण परिषदेच्या दिवशी अदलाबदल होते. 'स्टोरीवीव्हर'वरच्या खुल्या परवान्याच्या गोष्टी नाव-श्रेय ठेवून छापून घेता येतात. बालभारतीचं 'किशोर' १९७१पासून निघतंय, त्याचे जुने अंक संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात.

[दृश्य : दुकानाचा गल्ला. साडेचार. लोक पिशव्या उचलतात.]

या कार्यक्रमात त्या दिवशी विक्री थोडीच होते. दुकानदाराला हे माहीत असलं पाहिजे, नाहीतर पुढच्या वर्षी तो कार्यक्रम ठेवणार नाही. त्याचा धंदा यादीत आहे. प्रत्येक शिक्षक कार्बन घालून दोन प्रतींत यादी करतो: पुस्तकाचं नाव, प्रकाशक, कितवीसाठी, किती प्रती, आणि शेवटचा रकाना 'नसेल तर कोणतं'. एक प्रत शिक्षकाच्या खिशात, दुसरी गल्ल्यामागच्या खिळ्याला. फेब्रुवारीत खात्यावर पैसे दिसले की फोन येतो, 'जूनची यादी काढा.' तोवर दोन पुस्तकं संपलेली असतात, तीन पुस्तकांची किंमत वाढलेली असते. दुकानदार शेवटचा रकाना बघतो आणि गठ्ठा बांधायला घेतो.