मागचं चाक आधी धरा

(स्वतः शर्यतीची गाडी बांधणाऱ्या इंजिनिअरिंगच्या मुलांपुढे सोलापुरात दिलेल्या व्याख्यानातला भाग; विषय मागचं सस्पेन्शन, म्हणजे मागची चाकं गाडीला धरणारी जोडणी)

येताना सात रस्त्याला माझ्यापुढच्या रिक्षाने झपकन वळण घेतलं. मी पाहत होतो तिची मागची चाकं. टप जेवढा कलला, तेवढीच चाकंही कलली. रिक्षाला मागे ट्रेलिंग आर्म असतात, म्हणजे सांगाड्यापासून मागे जाऊन चाक धरणारे दांडे. खड्ड्यात चाक सरळ वर-खाली होतं, पण गाडी कलली की चाक तिच्याबरोबर कलतं. तीन सवाऱ्यांना चालून जातं. शर्यतीच्या गाडीत मात्र बाहेरच्या टायरची आतली कड हलकी पडते आणि पकड गेली.

मग कुणी म्हणतं, भंगारातून ओम्नीचा अख्खा अ‍ॅक्सल आणू. चाकं सरळ राहतील, खरंय. १९५७ ची लोटस सेव्हन ही हलकी स्पोर्ट्स कार अशाच अखंड, म्हणजे रिजिड, अ‍ॅक्सलवर धावली. पण डिफरन्शियलचं, म्हणजे इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना वाटणाऱ्या गिअरच्या पेटीचं, ओझं चाकांबरोबर उड्या मारतं, आणि गाडी जितकी हलकी तितका हा त्रास जास्त. डी डिऑन पद्धतीच्या अ‍ॅक्सलमध्ये डिफरन्शियल चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, बांधतात आणि नुसता पाइप दोन चाकं जोडतो. मला तो आवडतो, पण तुमच्यापैकी बहुतेक जण दोन विशबोनच करणार, म्हणजे चाक धरणारे वर एक, खाली एक असे त्रिकोणी दांडे. करा. वरचा खालच्यापेक्षा आखूड ठेवा.

आता स्प्रिंग. इथे दरवर्षी तीच चूक दिसते. मागच्या एका कोपऱ्यावर स्प्रिंगवरचं वजन ८० किलो धरा, फ्रिक्वेन्सी अडीच हर्ट्झ हवी, म्हणजे स्प्रिंगवर गाडी सेकंदाला अडीच वेळा वर-खाली व्हावी. चाकापाशी कडकपणा लागतो मिलिमीटरला सुमारे २० न्यूटन. चाक १० मिलिमीटर उचललं की शॉकअप ७ दबतो. मुलं २० ला ०.७ ने भागतात आणि २८ ची स्प्रिंग आणतात. अरे, वर्ग करायचा! ०.४९ ने भागा, ४१ येतात. शॉकअपवरचं बळही बदलतं आणि त्याचं दबण्याचं अंतरही, म्हणून गुणोत्तर दोनदा लागतं. २८ लावलीत तर अडीचचे दोन हर्ट्झ झाले.

आणि आमची फजिती. आमच्या पहिल्या गाडीत टो लिंक, म्हणजे चाकाचं तोंड सरळ धरून ठेवणारी दांडी, अ‍ॅक्सलच्या मागे होती, तिचं ब्रॅकेट पातळ पत्र्याचं आणि तेही चेसिसच्या पाइपच्या ऐन मध्यावर वेल्ड केलेलं. कागदावर भूमिती झकास. पहिल्याच वळणात गाडीचं शेपूट निघालं. दोन दिवस आम्ही टायरला शिव्या घालत होतो! बाहेरच्या चाकाला रस्ता आत ढकलतो, मागची लिंक दबते, चाकाचं तोंड बाहेर जातं. धरणाऱ्या दोन बिंदूंत २०० मिलिमीटर अंतर असेल तर एक मिलिमीटर दबलं की ०.३ अंश झाले. न मागता मागचं स्टीअरिंग. लिंक पुढे असती, तर तेच दबणं चाकाला आत वळवतं, गाडी सावरते.

तेव्हापासून माझी सवय आहे. रंग मारायच्या आधी गाडी घोडीवर चढवायची, रिमच्या कडेला डायल गेज, म्हणजे बारीकशी हालचालही काट्यावर दाखवणारं मापक, लावायचा आणि संघातल्या सगळ्यात दांडग्या पोराला सांगायचं, ओढ आता. काटा हलला की वेल्डिंग मशीन परत बाहेर काढायचं.